रेडोनाकडून समोरच्या दुकानाला

९ फेब्रुवारी

समोरच्या दुकानाचे मालक,

सुरुवात अशी कोरडी केली म्हणून तोंड वाकडं करू नकोस. ‘प्रिय’ लिहायला हात धजत नाही आणि शिवी लिहायला वय आड येतं. सकाळी शटर वर करशील तेव्हा हे पाकीट पायाखाली येईल. तुडवलंस तरी चालेल, पण मग उचल आणि वाच.

रेडोना बंद होतंय. तुला आधीच कळलं असेल म्हणा, विकत घेणारे तुमच्याच टीव्ही कंपनीचे लोक आहेत. कारखाना तोच राहणार, माणसं तीच, टीव्ही तोच, आतल्या वायरीसुद्धा त्याच रंगाच्या. फक्त नाव जाणार. जूनअखेर रेडोना नावाचा शेवटचा सेट बाहेर पडेल, आणि त्यानंतर सगळ्यांच्या कपाळावर तुमचं नाव. ते नाव मी इथे लिहिणार नाही. इतकी वर्षं लिहिलं नाही, आता म्हातारपणी कशाला सुरुवात करू?

कंपनीने कळवलंय तेही काय थाटात. ‘आमच्या सन्माननीय विक्रेत्यांना कळवताना अत्यंत आनंद होत आहे.’ माणूस गेल्याचं सांगताना निदान तोंड तरी पाडावं की नाही?

पण मी रडगाणं गायला बसलेलो नाही. खाली एक ओळ आहे ती तुझ्या नि माझ्या कामाची आहे. एका रस्त्यावर एकच विक्रेता राहील. एप्रिलमध्ये कंपनीची एक बाई येणार, दोन्ही दुकानांत बसणार, दोघांशी बोलणार आणि एकाला ठेवणार. दुसऱ्याला माल मिळणार नाही.

आता कान देऊन ऐक. तुझी मनी कायमची माहेरी परत आली तेव्हापासून तुझं दुकान तीच चालवते, हे अख्ख्या रस्त्याला दिसतं. तू नुसती खुर्ची गरम करतोस. तिला ना नवरा राहिला ना दुसरी नोकरी. तिच्यापुढे आहे ते हे एक दुकान. तेव्हा त्या बाईपुढे जरा दाढी करून बस.

उत्तर द्यायला हवंच असं नाही. दिलंस तर मला चक्कर येईल.

रेडोना


२ मार्च

धाकट्या,

उत्तर पोचलं. मनी रस्ता ओलांडून आली, तारांना डाग द्यायची सोल्डरगन मागून घेतली आणि जाता जाता म्हणाली, “काका, बाबांनी वाचलं.”

“मग?”

“मग काही नाही. चष्मा काढला, पुसला, परत लावला.”

पूर्वीही तू असाच होतास. भांडलास तेव्हासुद्धा धड भांडला नाहीस. दोघं एका काउंटरमागे उभे राहायचो. तू म्हणालास, दादा, शेल्फावर दुसरं नावही ठेवू, गिऱ्हाईक मागतं. मी म्हणालो, या दुकानात एकच नाव राहील. आजही तेच म्हणेन. ज्याच्या जिवावर आपण उभे राहिलो, त्याच्याच मांडीला मांडी लावून त्याचा वैरी बसवायचा, हे मला पटलं नव्हतं आणि पटणारही नाही. तू निघालास. रस्ता ओलांडलास, चपलांचं दुकान रिकामं झालं होतं ते घेतलंस आणि बरोबर माझ्या डोळ्यांसमोर ते नाव टांगलंस. पुढच्या चौकात जागा नव्हती का रे?

तेव्हापासून तुझा आवाज मी ऐकला तो फक्त तू गिऱ्हाइकाशी बोलताना. तुझी वहिनी गेली त्या दिवशी आलास, दाराशी उभा राहिलास, माझ्याकडे न बघता परत गेलास. आलास हे मला दिसलं होतं. ते सांगायचं राहून गेलं होतं, आता सांगतो.

या भागात मला माझ्या नावाने कुणी ओळखत नाही, हे तुला ठाऊक आहे. सगळे रेडोना म्हणतात. रेडोनाला ताप आलाय. रेडोनाला विचार, त्याला माहीत असेल. औषधवाला पाकिटावर ‘रेडोना’ लिहून गोळ्या देतो. तुझी वहिनी चिडली की म्हणायची, मी लग्न माणसाशी केलं की टीव्हीशी, ते एकदा सांगा. जूननंतर लोकांनी मला काय हाक मारायची ते त्यांचं ते बघतील.

तुझ्या शोकेसमधला डावीकडचा दिवा गेलाय. कधीपासून गेलाय. त्या अंधारात तू सर्वात महागडा टीव्ही ठेवलायस, तुझ्या अकलेला काय म्हणावं? मनी एकटी किती ठिकाणी पुरी पडणार? ती बाई येण्याआधी दिवा बदल, भिंतीला रंग लाव.


२० मार्च

धाकट्या,

दिवा अजून तसाच आहे.

आमच्याकडे कंपनीने चिकटपट्ट्या पाठवल्यात. दुकानात उरलेल्या मालावर जुन्या नावावर नवीन नाव चिकटवायचं म्हणे. एकावर लावून बघितली. मनातून नको होतं, त्यामुळे पट्टी तिरकी बसली आणि आत हवेचा फुगा राहिला. तेवढ्यात आपल्या शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका आल्या, रिमोटची बॅटरी घ्यायला. टीव्हीकडे बघून म्हणाल्या, “अरे रेडोना, याला पट्टी का बांधलीस? पडला की काय कुठे?”

मी म्हटलं, “बाई, याच्या डोक्याला मार लागलाय.”

त्या हसल्या, मीही हसलो. त्या गेल्यावर पट्टी ओढून काढली तर खालच्या नावाचा रंगही तिच्याबरोबर निघून आला. आता त्या सेटवर कुठलंच नाव नाही. तो सेट मी उलटा करून ठेवलाय.

बाकीच्यांना पट्ट्या लावलेल्या नाहीत. लावणार नाही. काय करतील? काढून टाकतील? ते तर करतायतच.

नावाच्या सगळ्या वस्तू जूनअखेर परत करा, असंही कळवलंय. पाटी, घड्याळ, छत्र्या, पेनं. बरणीबद्दल त्यांना माहीत नाही. भंगारात सेट देण्याआधी पुढचं धातूचं नाव काढून घ्यायची आपली रीत तुला आठवत असेल. मागच्या बाजूने दोन्ही टोकं सरळ केली की अलगद निघतं. सेट जाऊ दे, नाव भंगारात जाता कामा नये. तू हसायचास, “दादा, लोक पोरांचे पडलेले दात ठेवतात तसं ठेवतोस.” बरणी पार तोंडापर्यंत भरलीय. एका कंपनीचं अख्खं आयुष्य मी एका हाताने उचलू शकतो. उचललं काल, आणि परत जागेवर ठेवलं.

असो. मनीला विचारलं, बाईंशी काय बोलायचं ते तुम्ही ठरवलंत का? ती म्हणाली, “बाबा म्हणतात, बघू.”

जन्मभर तू ‘बघू’ म्हणत आलास. पाळण्यात पहिला शब्दही तोच बोलला असशील.


२८ मार्च

समोरच्या दुकानाचे मालक,

तुमचं ‘बघू’ तुम्हाला लखलाभ. मी माझं ठरवलंय.

कंपनीची बाई आली की मी सांगणार, हे दुकान मला हवं. नाव कुठलं का असेना. या रस्त्यावर टीव्ही विकायला आधी मी बसलो, शेवटपर्यंत मीच बसेन. माझं दुकान कोपऱ्यावर आहे, तुझ्यापेक्षा रुंद आहे, आणि माझ्या शोकेसमधले सगळे दिवे लागतात. लोक मला ओळखतात. तुला कोण ओळखतं? ‘रेडोनाचा धाकटा भाऊ’ म्हणून ओळखतात.

तेव्हा आता तुझा माल हळूहळू काढायला लाग. नाही तर मर्द असशील तर उठ, दाढी कर आणि त्या बाईला पटवून दाखव. मी काही दयामाया दाखवणार नाही. मला हे हवंय आणि मी ते घेणार. तुझ्याकडून घेणार.

तुझा थोरला भाऊ


२९ मार्च

धाकट्या,

हे पत्र तुझ्या शटरखाली सरकवणार नाही. लिहून ड्रॉवरमध्ये टाकणार आहे. पण लिहिल्याशिवाय चैन पडत नाही.

काल लिहिलं ते सगळं खोटं. मला दुकान नको. ते नाव मी माझ्या दारावर लावीन? त्याआधी हात गळून पडतील. त्या बाईला मी सरळ सांगणार आहे, बाई, मला नको, समोरच्याला द्या. चांगला माणूस आहे, मुलगी हुशार आहे, द्या तिकडेच.

पण तू नुसता बसून राहिलास तर काय उपयोग? माझं ‘नको’ आणि तुझं ‘बघू’ ऐकून ती बाई उठून निघून जाईल. तुला पेटवायलाच हवं होतं. आणि तुला पेटवायचं कसं ते या जगात फक्त मला माहीत आहे. लहानपणी तू ताटासमोर बसून राहायचास. आई हात टेकायची. मग मी नुसता माझा हात तुझ्या ताटाकडे न्यायचो, आणि बघता बघता ताट साफ. सायकलला हात लावायला घाबरायचास. मी म्हटलं, ठीक आहे, ती सायकल आता माझी. संध्याकाळी गुडघे फोडून घेऊन घरी आलास, पण चालवत आलास. तुझी गंमतच अशी आहे. तुला काही हवंय हे तुला कळतच नाही, दुसऱ्याने हात घालेपर्यंत.

म्हणून काल हात घातला. शिव्या देशील, दे. मनीचं होऊन जाऊ दे. ती माझीही मुलगीच आहे. मला मूल नाही हे मी कुणाजवळ बोललो नाही, तुझ्याजवळ तर नाहीच, पण दुपारी ती सोल्डरगन घ्यायला येते तेव्हा मी मुद्दाम ती लवकर सापडू देत नाही. तेवढंच दोन शब्द बोलणं होतं.


१२ एप्रिल

समोरच्या दुकानाचे मालक,

बाई येऊन गेल्या. आधी माझ्याकडे आल्या हे तू पाहिलंसच, पडद्याआडून बघत होतास. काल-परवा कॉलेजातून बाहेर पडली असेल अशी पोरगी, पण ‘सर, सर’ म्हणून गोड बोलली. मी चहा मागवला. काय बोललो ते सांगणार नाही, ते धंद्यातलं गुपित. एवढंच सांगतो की बाई उठताना खूश होत्या.

मग तुझ्याकडे गेल्या. तू चक्क दाढी केली होतीस. इस्त्रीचा सदराही दिसला. अगदी ऐनवेळी का होईना, जाग आली म्हणायची. तू बराच वेळ बोललास, हातवारे केलेस, आणि एकदा तर माझ्या दुकानाकडे बोट दाखवलंस. माझ्याबद्दल काय काय सांगितलं असशील देव जाणे. सांग हवं ते. मनी मात्र आत नव्हती. तिला अशा वेळी कुठे पाठवलं होतंस? अक्कल नाही तुला. तिला शेजारी बसवायचं होतंस.

बाई जाताना तू त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेलास. मी तुला असं कुणामागे चालताना पहिल्यांदा पाहिलं.

आता निकाल लागेल तेव्हा लागेल. मी गाफील नाही, तूही राहू नकोस.


१८ मे

धाकट्या,

तुझी लगबग बघतोय. परवापासून खोकी बाहेर निघतायत. जुना माल काढून नव्यासाठी जागा करतोयस, हे कळण्याइतकी नजर अजून शाबूत आहे. शोकेससुद्धा स्वतः पुसलीस. आणि तो डावीकडचा दिवा, अखेर बदललास. दुपारीच लावून ठेवला होतास, काय ते ऐश्वर्य.

बरं वाटलं बघून. धंदा कसा करावा ते शेवटी मीच तुला शिकवलं, हे विसरू नकोस.

मनी हल्ली येत नाही. सोल्डरगन तिच्याकडेच आहे, राहू दे. चार दिवसांपूर्वी रस्त्यात दिसली. मी हाक मारली तर म्हणाली, “काका, आता तुमच्या मनासारखं झालं ना,” आणि भराभर निघून गेली. ‘तुझं दुकान घेणार’ म्हणून मी लिहिलं होतं, त्याचा राग असेल. निकाल लागला की कळेल तिला. मग येईल आणि माझ्याकडे बघून हसेल, आणि मी म्हणेन, तुझ्या बापाला पेटवायला असंच करावं लागतं बये.

हे मी काय लिहून बसलो? जाऊ दे. खोडत नाही. आता तुला कळलं तरी काय बिघडतंय, बाई येऊन गेल्या, तू बोललास, झालं.

जपून राहा. खोकी उचलताना कंबरेचं बघ.


५ जून

धाकट्या,

तू काय केलंस हे?

काल कंपनीच्या त्या बाईंचा फोन आला. म्हणाल्या, “सर, आपल्या रस्त्यावर विक्रेता ठेवायचा नाही असं ठरलंय. हायवेवरच्या मोठ्या मॉलला दिलं.” मी म्हटलं, “म्हणजे? समोर दिलं नाही?” त्या म्हणाल्या, “सर, तुम्ही सांगितलंत समोरच्यांना द्या. समोरच्यांनी सांगितलं तुम्हाला द्या. मी दोन्ही तसंच वर कळवलं. वरचे म्हणाले, दोघांनाही नको असेल तर आग्रह कशाला.”

 

मग मी काय केलं ते तुला सांगतो, कारण तुझ्याशिवाय कुणाला सांगू? मी त्या पोरीची विनवणी केली. म्हटलं, बाई, माझी चूक झाली, मला हवंय, मी हो म्हणतो. पाटी लावतो. तिला पटेना म्हणून मी ते नाव घेतलं. तुमचं नाव. मोठ्याने, फोनवर, दोनदा. ‘तुम्ही म्हणाल तर दारावर लावीन, छातीवर लावीन,’ असं म्हणालो.  ती म्हणाली, “सर, मॉलशी करार झालाय. मला खरंच वाईट वाटतं.” खरंच वाईट वाटत असावं तिला, आवाज तसा होता.

खोकी. ती खोकी तू नवीन माल भरायला बाहेर काढत नव्हतास. आवरत होतास. आणि मी इथे बसून तुला शाबासकी देत होतो.

अरे, मला ते नको होतं. मी लिहिलं ते तुला चिडवायला लिहिलं. तुझ्या ताटाकडे हात नेला की तू खातोस, एवढंच मला माहीत होतं. त्या वेळचं एक पत्र ड्रॉवरमध्ये आहे, या पाकिटात ते घालतोय. तारीख बघ. तेव्हाच द्यायला हवं होतं.

मी बाईंना विचारलं, समोरच्यांनी कारण काय सांगितलं? त्या म्हणाल्या, “ते म्हणाले, माझ्या मोठ्या भावाला हवंय.” बस, एवढंच कारण.


१ जुलै

धाकट्या,

काल तू बोललास ते डोक्यातून जात नाही, म्हणून परत कागद घेतलाय. समोरासमोर बोलायची सवय मोडलीय.

पाटी उतरवायला दोघं जण आले होते. शिडी लावली, स्क्रू गंजलेले, निघेनात. एकाने मारलेल्या पहिल्याच हातोडीत ‘डो’ दोन तुकड्यांत खाली आला. तो ‘सॉरी’ म्हणाला. मी म्हटलं, काय फरक पडतो, चालू दे. तेवढ्यात शेजारी कुणी तरी येऊन उभं राहिलं, आणि मी वळलो तर तू होतास. तुझे केस इतके पांढरे झालेत हे रस्त्यापलीकडून दिसत नव्हतं.

दोघंही वर बघत उभे राहिलो. मग तू म्हणालास, “दादा, तू खरंच नको म्हणालास?”

मी म्हटलं, “हो.”

“मग मी कुणासाठी सोडलं?”

मी उलट तुझ्यावरच ओरडलो, ते तुझ्या लक्षात असेल. म्हटलं, तुला कुणी सांगितलं होतं सोडायला? भांडायचं होतंस, हिसकावून घ्यायचं होतंस. जन्मात कधी माझ्यासाठी काही सोडलं नाहीस, ते आत्ताच कुठून सुचलं?

तू म्हणालास, “तू जन्मात कधी माझ्याकडे काही मागितलंच नव्हतंस. पहिल्यांदा मागितलंस.”

तेवढं बोलून तू परत गेलास. गाड्या जात होत्या, तू न बघता रस्त्यात उतरलास, मी ‘सांभाळ’ म्हणून ओरडलो, तुला ऐकू गेलं नसावं. ते लोक पाटीचे तुकडे पोत्यात भरत होते. मी त्यांच्याकडे काही मागितलं नाही.

आता आजचं सांगतो, कारण तू घरी होतास आणि ती तुला सांगणार नाही.

संध्याकाळी मनी आली. मॉलचा युनिफॉर्म अंगात होता, निळा, खिशावर तुमचं नाव शिवलेलं. आज पहिला दिवस होता तिचा. सोल्डरगन परत द्यायला आली होती. म्हणाली, “तिथे लागत नाही काका. तिथे दुरुस्ती नसते, बदलून देतात.” मी तिला बसायला सांगितलं. बसली नाही. दिवसभर उभं राहायचं असतं म्हणे, विक्रेत्याने बसलेलं चालत नाही तिथे. मी म्हटलं, अगं इथे तरी बस. तरी उभीच राहिली.

मग मी तिला सगळं सांगितलं. मी का लिहिलं, काय लिहिलं, तुझं ताट, ड्रॉवरमधलं पत्र, सगळं. मला वाटलं ती रडेल, नाही तर माझ्या अंगावर धावून येईल. तिने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, “तुमचं ते पत्र बाबांनी वाचलंय. मीही वाचलं.”

“मग?”

“काका, बाई येणार होत्या त्या दिवशी मी त्यांच्याशी बोलायचं ठरवलं होतं. दोन्ही दुकानं एक करा, मी चालवते, दोन्ही म्हातारे शेजारी शेजारी खुर्च्या टाकून बसतील, असं सांगणार होते. कुठे काय ठेवायचं तेही ठरवलं होतं. सकाळी बाबा म्हणाले, काकांना हवंय, तू मधे पडू नकोस, आणि मला बँकेच्या कामाला पाठवलं. मीही गेले. तुम्हाला हवंय म्हटल्यावर मी काय बोलणार?”

मी म्हटलं, “मला नको होतं गं. मला तुझ्यासाठीच हवं होतं.”

ती म्हणाली, “बाबाही हेच म्हणतात. काकांसाठी केलं म्हणतात. तुम्ही दोघांनी एकमेकांना दिलंत. पण ते माझं होतं ना? मला एकदा तरी विचारायचं होतंत.”

आवाजही चढवला नाही तिने. सोल्डरगन काउंटरवर ठेवली, वायर नीट गुंडाळली, आणि उद्या सकाळी लवकर निघायचंय म्हणून गेली.

तिला काय उत्तर द्यायचं ते मला कळत नाही. तुला कळलं तर तिला दे. मला कळवू नकोस.

दादा